एकेचाळीस नंबरची हजेरी

ती कादंबरी प्रेमिला गजभियेच्या गळ्यात मारली गेली, हे आधीच सांगून टाकतो. विद्यापीठाने पुस्तक लावलं तेव्हा आणीबाणी नव्हती. पुस्तक पोरांच्या हातात पडेस्तोवर ती येऊन बसली होती आणि अभ्यासक्रम बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सीताबर्डीवरच्या त्या सकाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे तिघं. त्यातल्या दोघांना एकाएकी बाकीचे पेपर अतिशय प्रिय झाले. एकाला व्याकरण शिकवल्याशिवाय करमेना. दुसरे म्हणजे विभागप्रमुख मनोहरराव, केस पिकलेला माणूस. ते म्हणाले, माझा घसा हल्ली बसतो, कादंबरी माझ्याच्यानं व्हायची नाही, मी आपला कवितांपुरता. उरली प्रेमिला. ती टेम्पररी होती, आणि टेम्पररी माणसाचा घसा बसत नसतो.

पुस्तकात एक शहर होतं. तिथल्या सरकारने सगळ्यांची घड्याळं जमा करून घेतलेली. भोंगा वाजला की सकाळ झाली म्हणायचं, पुन्हा वाजला की रात्र. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी रात्र म्हणजे रात्र, निमूट झोपायचं. कुणी चुकून आभाळाकडे पाहिलं तर शेजारी जाऊन कळवायचा, आणि आभाळाकडे पाहणारा दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही. त्या शहरात एक म्हातारा घड्याळजी लपूनछपून घड्याळं दुरुस्त करतो, त्याची ही गोष्ट. एरवी प्रेमिलाने ती अशी रंगवून शिकवली असती की पोरं बाकावर उभी राहिली असती. पण सालच तसं होतं. इतिहासाच्या एका प्राध्यापकाला ऑगस्टमध्ये मिसा कायद्याखाली उचललं होतं. कुठल्या तुरुंगात ठेवलंय हे त्याच्या बायकोला महिनाभर कुणी सांगितलं नाही. त्याची स्टाफरूममधली खुर्ची कुणी हलवली नाही आणि तिच्यावर कुणी बसलंही नाही.

आणि प्रेमिलाची नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची होती. इंदोरा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ह्या एका शब्दावर सगळं अडून होतं. तिचे बाबा, दादाजी गजभिये, कापडाच्या मिलमध्ये खडखडणारे साचे सांभाळता सांभाळता कानांनी गेले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले त्याच संध्याकाळी त्यांनी देव्हारा रिकामा केला आणि त्या फळीवर पोरीची पुस्तकं नीट लावून ठेवली. ती पोर शिकली, एम.ए. झाली, इंग्रजीत. आता मार्चमध्ये कायम झाली की दादाजींचं म्हातारपण सुटलं. नाही झाली, किंवा त्याआधी कुणी काही कळवलं, तर काय, ह्याचा विचार ती करायची नाही. म्हणजे दिवसभर करायची नाही. सकाळी कॉलेजच्या पायऱ्या चढताना तेवढा व्हायचा.

आता त्या कॉलेजातली एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. सकाळचं कॉलेज म्हणजे कामकरी पोरांचं. कुणी दुकानात हिशेब लिहिणारा, कुणी पोस्टात, कुणी लगीन झालेला, कुणाच्या मिशा मास्तरपेक्षा मोठ्या. वर्गात नव्वद माणसं आणि हजेरी नंबराने. नंबर पुकारला की कोपऱ्यातून 'यस मॅडम' यायचं. ते कोण म्हणालं हे पाहायचं नाही. एखाद्याची ड्यूटी लागली, बाप आजारी पडला, तर मित्र त्याच्यासाठी 'यस' म्हणायचा, कधी भाऊ येऊन बसायचा. हजेरी कमी पडली तर स्कॉलरशिप गेली, परीक्षा गेली. सगळ्या प्राध्यापकांना हे ठाऊक होतं आणि सगळे मान खाली घालून नंबर पुकारायचे. ह्याला प्रॉक्सी म्हणत, आणि प्रॉक्सी कुणी पकडत नसे. प्रेमिलाही नाही. पकडायची गरजच कधी पडली नव्हती.

डिसेंबरात एका सकाळी ती भोंग्याचं प्रकरण शिकवत होती. मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं, की मॅडम, त्या शहरात गाड्या वेळेवर धावत असतील ना? वर्ग खदखदून हसला. त्या वर्षी गाड्या वेळेवर धावतात, हे रेडिओ उठता-बसता सांगत होता. प्रेमिलालाही हसू आलं, ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. कारण शेवटच्या बाकावर, दाराजवळ, एक माणूस हसत नव्हता. तिशीच्या आसपासचा, केस बारीक कापलेले, डोळे तांबारलेले. समोर पुस्तक नाही, हातात पेन नाही. हात बाकावर ठेवून तो तिच्याकडे एकटक पाहत होता.

तास संपल्यावर तो उठला तेव्हा तिने पाहिलं. वर साधा पांढरा शर्ट, पायात तपकिरी बूट, आणि खाली खाकी पँट.

त्या वर्षी खाकी पँट पाहून रस्ता बदलला नसेल असा माणूस दाखवा. तिने दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना पहिल्यांदा मान वर ठेवली. एकेचाळीस म्हटल्यावर तो बोलला, "यस मॅडम." आवाज भारी, सवयीचा. ऑफिसात जाऊन तिने नाव पाहिलं. एकेचाळीस नंबर म्हणजे ओमप्रकाश डहाके, वय वीस. हा वीस वर्षांचा? ह्याला दहा वर्षं नोकरीत झाली असतील. प्रॉक्सी असेल, असं आधी तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण प्रॉक्सीला आलेला माणूस हजेरी झाली की मागच्या दारानं सटकतो, नाहीतर झोपतो. हा शेवटपर्यंत बसायचा आणि एक शब्द सोडायचा नाही. हा ऐकायला आलाय, तिने ठरवलं. कुणाच्या तरी नावावर ह्याला वर्गात पेरलाय.

एकदा संशयाचा भुंगा लागला की लागला. मग तिला सगळं तसंच दिसायला लागलं. त्याचे तपकिरी बूट तिला चहाच्या टपरीवर दिसले. एकदा सीताबर्डीच्या ठाण्यातून तो बाहेर पडताना दिसला, फाटकातल्या शिपायाशी दोन शब्द बोलून. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? घरी तिने दादाजींना विचारलं, आपल्या गल्लीत कुणी चौकशी करून गेलं का. दादाजींना ऐकू आलं नाही, त्यांनी मान हलवली, आणि ती मान हो म्हणाली की नाही ह्यावर तिने सबंध संध्याकाळ घालवली.

ती शिकवायची तशी शिकवेना. घड्याळजीच्या हिमतीबद्दल बोलायचं सोडून ती त्या लेखकाच्या वाक्यरचनेबद्दल बोलू लागली. भोंगा हा शिस्तीचा सूर आहे, असं काहीबाही तिने एकदा सांगितलं, आणि पोरांनी मुकाट्याने लिहून घेतलं. आपल्याच आवाजाची तिला शिसारी आली. पण मार्च दोन महिन्यांवर होता.

जानेवारीत एका दिवशी तास संपल्यावर तो माणूस सरळ तिच्या टेबलापाशी आला. वर्ग रिकामा होत होता. प्रेमिलाने पुस्तक छातीशी धरलं.

"मॅडम, एक विचारू काय? तो घड्याळवाला लपून बसला आहे ना. तो शेवटी सापडते का त्यांले?"

साधा प्रश्न. पण तिला वाटलं, हा आपलं मत काढून घेतोय. सापडू नये असं म्हटलं तर आपण गेलो. तिने सांगितलं, की हो, सापडतो, आणि सापडायलाच हवा, कायदा मोडणारा माणूस लपून किती दिवस लपणार. पुस्तकात असं काही नव्हतं. पुस्तकात तो सापडत नाही. त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. तो "बरं मॅडम" म्हणून गेला. चेहरा उतरला हे तिने पाहिलं, अगदी नीट पाहिलं. आपण जाळ्यात सापडलो नाही म्हणून तो हिरमुसला, असा तिने अर्थ लावला. भ्यालेल्या माणसाची अक्कल अशीच चालते.

पण त्या दिवसापासून तिला झोप लागेना. हा आज ना उद्या काहीतरी लिहून देणार. भोंग्याच्या तासाला वर्ग हसला होता आणि आपण पोरीला रागावलो नव्हतो, एवढंही पुरे होतं. त्यापेक्षा आपणच आधी जाऊन बोललेलं काय वाईट? एक दिवस ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. प्राचार्य भला माणूस, पण खुर्चीला चिकटलेला. ती त्यांना इतकंच म्हणाली, की माझ्या वर्गात एकेचाळीस नंबरवर एक बाहेरचा माणूस बसतो. तो सरकारी असेल तर माझी काहीच तक्रार नाही, उलट आनंद आहे, मी वावगं काही शिकवत नाही. फक्त आपल्या कानावर असावं.

पहा, तक्रार करायला ती गेलीच नव्हती. आपण सरळ आहोत हे दाखवायला गेली होती. प्राचार्य घाबरले, कारण त्यांना न सांगता सरकारी माणूस कॉलेजात बसतो म्हणजे कॉलेजवर संशय आहे. ते म्हणाले, मी विचारून घेतो. आणि त्यांनी फोन उचलून ठाण्यात विचारलं, की आमच्या इथं बसणारा तो माणूस आपलाच ना?

ठाण्याने सांगितलं, आमचा कुणी नाही. नाव काय म्हणालात?

चार दिवसांनी प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं, उद्या नेहमीसारखी हजेरी घ्या, जास्त काही करू नका. तिने कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नंबर पुकारत गेली. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस. "यस मॅडम," शेवटच्या बाकावरून आलं, आणि दारातून साध्या कपड्यांतली दोन माणसं आत आली. त्यांनी त्याच्या दोन्ही दंडांना धरलं. तो झटापट करेल असं वाटलं होतं, त्याने केली नाही. तो उठताना एवढंच म्हणाला, की मी चाललो ना साहेब, पोरींसमोर ओढू नका. जाताना त्याने प्रेमिलाकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याला काय झालंय तेच कळत नव्हतं. प्रेमिला रजिस्टरवर पेन टेकवून उभी होती. वर्ग वाट पाहत होता म्हणून तिने बेचाळीस म्हटलं.

बेचाळीस हजर होता. त्याच्यानंतर मात्र बरेच नंबर रिकामे गेले. बाकावर कुणी कुणासाठी तोंड उघडलं नाही.

खरं काय ते तिला स्टाफरूममध्ये कळलं, तेही दुसऱ्यांच्या बोलण्यातून. ओमप्रकाश डहाके नावाचा पोरगा खराच होता. नोव्हेंबरात त्याने भिंतीवर पत्रकं चिकटवली होती, सोबतचे दोघं पकडले गेले आणि हा निसटला. तिसरा कोण, हे पोलिसांना पक्कं ठाऊक नव्हतं. कॉलेजांना हुकूम होता, जो पोरगा एकाएकी यायचा बंद होईल त्याचं नाव कळवा. म्हणून त्याचा थोरला भाऊ नत्थू त्याच्या जागी येऊन बसायचा. नत्थू एस.टी.त कंडक्टर. अमरावतीची मुक्कामी गाडी पहाटे आणून लावायची, खाकी सदरा बदलायचा आणि झोप डोळ्यांत घेऊन सरळ वर्गात यायचं. ठाण्यातही तो एका पाकीटमाराच्या खटल्यात साक्ष द्यायला गेला होता, कंडक्टरांना जावंच लागतं. मध्यंतरी पोलिसांनी कॉलेजात विचारलं होतं, डहाके येतो का. ऑफिसने रजिस्टर पाहून सांगितलं होतं, रोज येतो, आणि त्यांनी त्याचा नाद सोडला होता. म्हणजे दोन महिने तो पोरगा प्रेमिलाच्या पेनावर जगत होता, आणि तिला पत्ता नव्हता.

नत्थूकडून त्यांनी दोन दिवसांत सगळं काढून घेतलं. कसं काढलं असेल ते काढलं असेल. ओमप्रकाश पारशिवनीकडे मामाच्या शेतावर होता. त्यालाही आणलं.

प्रेमिला मनोहररावांजवळ जाऊन बसली. तिने सांगितलं, की मला वाटलं तो पोलिसांचा माणूस आहे, म्हणून मी गेले. हे तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. मनोहररावांनी चष्मा काढून पुसला.

"गजभिये मॅडम, इथं प्रॉक्सी पकडत नसतात," ते म्हणाले. "तुम्ही नव्या नाही आता."

तिने पुन्हा सांगितलं, की मी प्रॉक्सी पकडली नाही, मला भीती वाटली. ते "असं, असं" म्हणाले आणि त्यांना एकाएकी तास आठवला. तिच्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे तिला त्यांच्या चालण्यावरून कळलं. त्यानंतर ती स्टाफरूममध्ये गेली की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी हवापाण्याबद्दल काहीतरी काढायचं. चहा मात्र तिला सगळ्यांच्या आधी मिळायचा. पूर्वी शिपायाला दोनदा सांगावं लागे.

वर्गातही तेच. ती आता मुद्दाम नीट शिकवायला लागली. घड्याळजी सापडत नाही, हे तिने स्वच्छ सांगितलं. तो का सापडू नये, तेही सांगितलं. पूर्वी ज्याला ती भीत होती ते सगळं तिने एका तासात बोलून टाकलं आणि समोर पाहिलं. नव्वदच्या जागी साठ माणसं, सगळ्यांच्या माना खाली. गाड्यांचं विचारणाऱ्या त्या मुलीला तिने विचारलं, तुला काय वाटतं? मुलगी उभी राहिली. तिने आधी शेजारणीकडे पाहिलं. मग म्हणाली, मॅडम, तुम्ही सांगाल तेच मी लिहीन. मॅडम आपल्याला पारखतायत, आपल्याकडून काहीतरी वदवून घेऊ पाहतायत, असं त्या पोरीला वाटत होतं. प्रेमिलाने तिला बसायला सांगितलं.

कायम झाल्याचा कागद मार्चची वाट न पाहता फेब्रुवारीतच आला. दादाजींनी पेढे आणले आणि गल्लीभर वाटले. ऐकू येत नसल्यामुळे लोक काय म्हणाले ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. लुगडं नऊवारी, पायात चपला नाहीत, वय साठीच्या पुढचं. प्रेमिलाने या म्हटलं तर ती आत येऊन खाली बसली, खुर्चीवर बसेना. दादाजी आतल्या खोलीत झोपले होते. बाईने आपलं नाव बायजाबाई सांगितलं. डहाक्यांची, म्हणाली, नत्थूची आणि ओमप्रकाशची माय.

शिव्या ऐकायची प्रेमिलाने मनाची तयारी केली होती. किती दिवस ती त्याचीच वाट पाहत होती म्हणा ना. पण बायजाबाईच्या आवाजात राग नव्हताच. ती हळू आवाजात सांगत गेली, की नत्थूची नोकरी गेली, त्याचा एक हात वर होत नाही. लहाना कुठं ठेवला आहे ते कुणी सांगत नाही, ठाण्यात गेलं तर हाकलून देतात. नत्थू वर्गातली घड्याळवाल्याची गोष्ट घरी येऊन सांगे, असंही ती म्हणाली. मॅडम लय छान सांगते म्हणे.

मग ती थोडी पुढं सरकली.

"बाई, तुमची ठाण्यात वळख आहे म्हनते लोकं. तुम्ही एक शब्द टाकला त होऊन जाईन. मोठा राहू द्या. लहान्याले तेवढं सोडवा."

प्रेमिला तिच्यासमोर खालीच बसली. तिचे हात धरून तिने सगळं सांगितलं. की माझी कुणाशी ओळख नाही. मी पोलिसांची नाही. मीच त्यांना भीत होते, तुमच्या नत्थूला मी पोलिस समजले, माझी चूक झाली, मला माफ करा. बोलता बोलता ती रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती ती आता रडली. बायजाबाईने तिला पूर्ण बोलू दिलं. डोळ्यांत पाहत, मान हलवत, एखाद्या लहान पोराचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"हो बाई," ती म्हणाली. "तुम्हाले असंच सांगा लागते. मले समजते."

"नाही हो, खरंच नाही मी. कशी सांगू तुम्हाला?"

खरंखोटं करायला बायजाबाई आलीच नव्हती. नत्थूच्या खोलीवरून इंदोऱ्यापर्यंत ती पायी आली होती आणि मनाशी एक हिशेब करून आली होती. जे ज्याच्याकडे चालतं तेच त्याला द्यायचं, एवढं तिला आयुष्यात कळलं होतं. तिने प्रेमिलाच्या हातातून आपले हात सोडवून घेतले आणि पदर सावरला.

"मी फुकट नाही म्हनत, बाई. आमच्या गणेशपेठेच्या चाळीत कोन येते, कोन जाते, कोनाच्या घरी दार लावून बसतेत, मले समदं माहीत आहे. म्हाताऱ्या बाईकडे कोनी पाहत नाही. मी तुम्हाले सांगत जाईन. तुम्ही पुढं सांगा."

प्रेमिलाने तिच्या तोंडावर हात ठेवायला हात पुढे केला. बायजाबाईला वाटलं, ती नीट ऐकायला जवळ येतेय. तिने एकदा दाराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला आणि पहिलं नाव सांगितलं.